दादाचं शनिवारचं ताट

शनिवारी संध्याकाळी मी दुसऱ्याच्या वाट्याचं जेवायचे. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, लहानपणी घरात काही कमी असेल. तसं काही नव्हतं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते, पगार वेळेवर यायचा, आई स्वयंपाकात हुशार आणि वाढायला सढळ. पण शनिवार आला की माझ्या भुकेवर आमच्या घराचा हक्क नसे. समोरच्या दारातून ताट यायचं आणि ते मी संपवायचं, असं ठरूनच गेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारायचीही सोय नव्हती.

कॉलनीतल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती आणि मध्ये दोन्ही घरच्या चपला कशाबशा मावतील एवढी जागा. वीज केंद्राच्या चिमण्यांची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, गच्चीवरच्या पापडांवर बसायची, आणि आई त्यावर रोज नव्याने चिडायची. सगळ्या नाशकात वीज गेली तरी आमच्याकडे जात नसे. त्याचा आम्हा पोरांना फुकटचा माज होता.

समोरच्या मावशी नामपूरकडच्या. त्यांचे यजमान कोळसा उतरवून घेण्याच्या कामावर होते, त्यांना मी काका म्हणायचे. एकीला मावशी आणि तिच्या नवऱ्याला काका, हे कुठल्याच नात्यात बसत नाही, पण कॉलनीत नाती अशीच, तोंडाला येतील तशी चिकटवलेली असत. आई त्यांना ताई म्हणायची, त्या आईला बाई म्हणायच्या. इतरांशी त्या जपून, शाळेतल्यासारखं मराठी बोलायच्या. आमच्या घरात आल्या की सरळ अहिराणी. आईला त्यातलं अर्धं कळायचं आणि बाकीच्या अर्ध्याला ती मान हलवायची. पुढे जे झालं त्यात या मान हलवण्याचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

त्यांना एकच मुलगा. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला राखुंडी म्हणायचा. तो सातपूरच्या एका कारखान्यात होता आणि तिथेच मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची. त्यामुळे बाकीचं जग रविवारी काय जेवायचं याचा विचार करत असे तेव्हा आमच्या मजल्यावर शनिवारीच सणासारखा वास सुटलेला असे. दादा शुक्रवारी संध्याकाळी बॅग टाकायचा आणि रविवारी पहाटे परत जायचा. मधला शनिवार त्याच्या आईचा. वांगी भाजली जायची, कळण्याची भाकरी थापली जायची. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. ती भाकरी जरा चिकट, काळपट, आणि आमच्या घरात कुणालाच जमत नसे. थंडीत फुणके व्हायचे. डाळ भरड वाटायची, मिरची, लसूण, कांद्याची पात घालून तिचे मुटके उकडायचे आणि गरम कढीत सोडायचे. दादाचा त्यावर जीव होता. आमच्यासाठी वाडगाभर तोच घेऊन यायचा, दार न वाजवता, आणि येता येता त्यातला एक तोंडात टाकलेला असायचा. आईही मग वाडगा रिकामा जाऊ देत नसे. मसालेभात, अळूची भाजी, काही नाहीच तर गुळाचा खडा.

त्याच्यासारखं जेवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. खाण्यात हावरटपणा नसे. तो मन लावून जेवायचा, कुणाशी बोलायचा नाही, आणि ताट असं स्वच्छ करायचा की मावशी म्हणायच्या, आता घासायचं काय यात. एकदा अंगात सणकून ताप असताना तो सातपूरहून बस बदलत घरी आला होता. आई म्हणाली, अरे, दवाखान्यात जायचं सोडून इथे कशाला आलास? तर घोंगडीत गुरफटून बसला आणि म्हणाला, आज शनवार शे ना.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. मी सहावीत होते. दिवाळी होऊन गेली होती. एका शुक्रवारी तो आला नाही.

शनिवारी सकाळी माझे वडील आणि काका सातपूरला गेले. खोलीवरचे मित्र म्हणाले, तो काल नेहमीसारखा बॅग घेऊन निघाला, बस स्टॉपपर्यंत आमच्याबरोबरच होता. त्यापुढे काहीच नाही. पुढचे कित्येक दिवस मोठी माणसं दवाखाने, पोलीस ठाणं, स्टेशन असं करत राहिली. मुलीचं प्रकरण होतं का, कुणाशी भांडण होतं का, असं लोक कुजबुजायचे. मला त्या लोकांचा तेव्हाही राग यायचा. काही नव्हतं. एक मुलगा बसमध्ये चढला किंवा चढला नाही, एवढंच शेवटपर्यंत कळलं. तोही नाही, त्याची बॅगही नाही.

दुसऱ्या शनिवारी मावशींनी स्वयंपाक केला. भरीत, भाकरी, ठेचा. दादाचं ताट वाढलं आणि त्याच्या जागेवर, भिंतीला टेकून, ठेवलं. काकांनी त्या दिवशी जिन्याकडचं दार उघडंच ठेवलं होतं, म्हणून आमच्या दारातून ते सगळं दिसत होतं. ती दोघं आपापलं जेवली. ताट तसंच राहिलं. त्यांच्या घरी एक नियम होता, आमच्याही घरी होता: एकदा पानात वाढलेलं परत भांड्यात जात नाही. टाकायचा तर प्रश्नच नव्हता. काका त्याला हात लावायला तयार नव्हते. त्याचं आहे, तो आला की खाईल, म्हणाले. शेवटी मावशी ते ताट दुसऱ्या ताटाने झाकून आमच्याकडे घेऊन आल्या.

"वाढेल शे," त्या म्हणाल्या, म्हणजे वाढलेलं आहे. "हाई पोरले जेवू द्या."

आईने वरचं ताट उचललं आणि नीट निरखून पाहिलं. मला तेव्हा वाटलं, ती भाजी कोणती आहे ते बघते आहे.

आई पंचवटीतली. तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या यात्रेकरू उतरायचे, गावोगावचे लोक आपल्या गेलेल्या माणसांची कामं करायला यायचे. भाताचे पिंड, दर्भ, काळे तीळ, पान वाढून कावळ्याची वाट बघत बसलेली माणसं, हे बघतच ती मोठी झाली होती. मेलेल्या माणसाच्या जेवणाची तिला नजर होती. ताटात तिला तसलं काही दिसलं नाही. ना तीळ, ना खीर, ना वडे. येणाऱ्या माणसासाठी वाढतात तसं साधं ताट होतं. आई सैल झाली. म्हणजे ताई अजून वाट बघतायत, तिने मनाशी ठरवलं. वाट बघणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

"जेव," ती मला म्हणाली.

आणि मी जेवले. मग पुढच्या शनिवारी, मग त्याच्या पुढच्या.

सुरुवातीला मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. तो येईल आणि विचारेल, माझं ताट कुठाय? मी कान जिन्याकडे लावून जेवायचे. खालून पावलं वाजली की घास तोंडातच धरून ठेवायचे. वरच्या मजल्यावरचं कुणी कामावरून येतंय हे कळलं की मग गिळायचे. तो यावा असं मला मनापासून वाटायचं, आणि मी जेवत असताना येऊ नये असंही. म्हणून मी भराभर जेवायचे. मग एकदा मनात आलं, आपण इतकं भराभर खाल्लं तर तो आल्यावर त्याला काय उरेल, आणि मी हळू जेवायला लागले. शेवटचा घास तर किती वेळ तसाच ठेवायचे. पण मावशी आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असायच्या. बसा म्हटलं तरी बसत नसत. मी जेवायला लागले की त्या माझ्या हाताकडे बघायच्या, ताटाकडे बघायच्या, आणि ताट पुसून निघालं की पदराने तोंड पुसायच्या, जशा त्याच जेवून उठल्या आहेत. काही उरलं तर त्यांचा चेहरा असा पडायचा की पुढच्या वेळी पोट फुटलं तरी मी उरवत नसे. ते ताट संपलं पाहिजे, एवढं मला पक्कं कळलं होतं. ते संपलं नाही तर त्या बाईचं काहीतरी मोडेल.

मला एकदा कावीळ झाली. त्या महिन्यात शनिवारचं ताट आलं ते वरण-भाताचं, बिनतेलाचं, बिनतिखटाचं. मला नवल वाटलं. दादाला वरण-भात मुळीच आवडत नसे, त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणून तो नाक मुरडायचा. मग हे ताट कुणासाठी वाढलं होतं? मी आईला विचारलं. आई म्हणाली, जेव गुपचूप, उपकार मान.

अशी वर्षं गेली. मी मोठी झाले, कॉलेजला नाशिकला जायला लागले. शनिवारी मैत्रिणींचं सिनेमाला जायचं ठरलं की मी मधूनच उठायचे. कुणी वाट बघतंय का, म्हणून त्या चिडवायच्या. बघतंय, म्हणायचे मी, आणि त्या खिदळायच्या. मला दादाचा राग यायचा. तो कुठे असेल तिथे मजेत असेल आणि आपण इथे त्याच्या ताटाला बांधलेल्या, असं वाटायचं. पण त्याच वेळी मी बदलतही होते. कळण्याची भाकरी मला आमच्या पोळीपेक्षा आवडायला लागली. मी जेवताना बोलेनाशी झाले. माझं ताट स्वच्छ होऊ लागलं. एकदा वडील सहज बोलून गेले, अगदी त्याच्यासारखी जेवतेस. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला उठले. त्या रात्रीपासून मला जेवताना आपला हात आपला वाटेना. घास माझा असायचा, पण तोंडाकडे जायची रीत दुसऱ्या कुणाची तरी. हे मी कुणाला बोलले नाही. कोण ऐकणार होतं?

काका या सगळ्यात वेगळेच. ते दर आठवड्याला नाशिकरोड स्टेशनवर जायचे, गाड्यांतून उतरणारी माणसं बघायचे. शनिवारी दाराला कडी लावायचे नाहीत. मावशी ताट देऊन परतल्या की विचारायचे, दिलं का पोरीला? दिलं म्हटलं की, बरं, आज नाही आला, पुढच्या वेळी गरम गरम वाढ. ताट वाढलं जातंय म्हणजे मुलगा यायचा आहे, असा त्यांचा सरळ हिशोब होता. तो हिशोब मलाही कळत होता, आईलाही. आम्ही सगळेच तो धरून चाललो होतो. निदान मला तसं वाटत होतं.

मग वडील निवृत्त झाले. गंगापूर रोडला आम्ही फ्लॅट घेतला होता. पण पितृपक्ष लागलेला, त्यात आई काडीही हलवू देईना. नवरात्रात जाऊ म्हणाली. त्यामुळे कॉलनीतला आमचा शेवटचा शनिवार पितृपक्षात आला. काका त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला नामपूरला भावाकडे गेले होते. मावशी गेल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणाल्या.

त्या दिवशी ताट आलं नाही. मावशीच दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "आज मन्हा घर जेवाले ये."

मी गेले. दादाच्या जागेवर पाट मांडला होता, भिंतीला टेकून. मावशींनी मला बसवलं, परात आणली आणि माझे पाय धुतले. मी पाय आखडून घेतले. त्या म्हणाल्या, राहू दे. कुमारिकेचे धुतात तसे असतील, असं मी स्वतःला समजावलं. मग त्यांनी माझ्या कपाळाला गंध लावलं. कुंकू नाही, गंध. शेजारी गवरीचा निखारा होता. त्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले आणि ताटातला एक एक घास टाकला. धूर झाला. त्या काही पुटपुटल्या नाहीत, नुसत्या हात जोडून बसल्या. मग म्हणाल्या, "खाई ले, भाऊ."

मला त्या कधी भाऊ म्हणत नसत.

मी जेवले. फुणके होते, कढी होती, खीर होती, उडदाचे वडे होते. मला रडू येत होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक पिशवी ठेवली आणि माझ्या पाया पडल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, मी एकवीस-बावीसची. पिशवीत एक नवा टॉवेल होता आणि एक पांढरी टोपी.

मी तशीच आमच्या घरात आले. आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने माझं कपाळ पाहिलं, मग हातातली टोपी. तिच्या हातातली वाटी खाली पडली, आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. मावशी माझ्यामागून आल्याच होत्या.

"ताई, हे काय?"

"पित्तर जेवाडं, बाई," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आज बठ्ठं, सगळं, बरोबर करी जेवाडं. तुम्ही आते जाशात ना."

"कुणाचं पितर?"

"मन्हा पोऱ्यानं."

आमच्या आईकडे गेलेल्या माणसाचा घास कावळा नेतो. मावशींच्या मुलखात तसं नाही. तिथे पितृपक्षात एका जित्या माणसाला पितर म्हणून घरी बोलावतात, पाय धुतात, गंध लावतात, पोटभर वाढतात, जाताना टॉवेल-टोपी देतात. त्याचं पोट भरलं की गेलेल्याचं भरलं. हे मला नंतर वडिलांनी सांगितलं. कोळशाच्या गाड्यांवर त्या बाजूची पुष्कळ माणसं होती, त्यांना ठाऊक होतं. आईला नव्हतं. तीळ, दर्भ आणि पान ओळखणाऱ्या माझ्या आईला साध्या ताटातला पितर ओळखू आला नाही.

"आणि आजपर्यंत दर शनिवारी?" आईने विचारलं.

"ते बी तेच." मावशींना आईचंच नवल वाटत होतं. "तुमले माहीत व्हतं ना, बाई. तुम्ही पंचवटीन्या. तुमले नई समजनं तं कोनले समजी?"

"मला वाटलं, तुम्ही त्याची वाट बघताय."

"वाट ह्या देखतस," मावशी म्हणाल्या. ह्या म्हणजे काका. "मी नई."

मग त्या आमच्या रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा आमच्याकडे बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या बोलीत फार थोडकं होतं. मन्हा पोऱ्या भुक्या व्हता. तापमा बी जेवाले उना. जित्ता ऱ्हाता तं उना ऱ्हाता. तापात सुद्धा जेवायला आलेला मुलगा जिवंत असता तर शनिवारी आला असता. पहिला शनिवार गेला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण काकांपुढे ते तोंडातून काढता येत नव्हतं. काढलं असतं तर त्या माणसाने अंथरूण धरलं असतं. श्राद्ध करता येत नव्हतं, निखाऱ्यावर घास टाकता येत नव्हता. मुलगा तर उपाशी. म्हणून त्यांनी ताट वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. नवरा त्याला वाट बघणं समजला, शेजारीण समजून घेईल असं त्यांनी धरलं, आणि मुलगा जेवत राहिला.

 मावशी गेल्यावर आईने मला न्हाणीघरात नेलं, डोक्यावरून पाणी घातलं आणि कपाळ असं घासलं की कातडी हुळहुळली. पोरगी माझी, तिला मेलेल्याच्या जागी बसवली, आणि मला पत्ता नाही, असं ती पुटपुटत होती. वडील म्हणाले, अन्न होतं, जेवली, काय बिघडलं? तुम्हाला कळायचं नाही, आई म्हणाली. मला विचाराल तर मला मावशींचा राग आला नाही. मला गार वाटत होतं. इतकी वर्षं मी ज्याची पावलं ऐकत होते तो कधीच जिन्यात नव्हता, मीच पाटावर होते.

दुसऱ्या दिवशी आई पंचवटीला तिच्या भावाकडे गेली. मामा घरचंच भिक्षुकीचं काम चालवायचे. आईला हवं होतं की त्यांनी काहीतरी शांत वगैरे सांगावी. मामा हसले. मुलगी पितर होत नसते, म्हणाले, त्यात तेही दर शनिवारी, याला कशाचाच आधार नाही, तू सोडून दे. आई निश्चिंत होऊन घरी येईल असं मला वाटलं होतं. ती आली ती जास्तच चिडून. म्हणजे त्या मुलाला इतकी वर्षं काहीच पोचलं नाही असं म्हणायचंय का तुला, असं तिने भावाला विचारलं होतं. हे सांगताना ती भांडी बांधत होती, आणि बांधता बांधता रडायला लागली. मावशींशी मात्र निघेपर्यंत बोलली नाही.

गंगापूर रोडच्या घराला नव्या रंगाचा वास होता. गॅलरीत राख नव्हती, आणि चिडायला काही नाही म्हणून आई हैराण होती. पहिला शनिवार आला. मी दुपारपासून कुठे बसू आणि कुठे नको अशी फिरत होते. आईने खिचडी टाकली होती. त्या वेळी मावशी काय करत असतील हा विचार तीही करत असणार, कारण तिने खिचडीत मीठ दोनदा घातलं. ताट वाढलं नाही तर मुलगा उपाशी. ताट वाढलं आणि कुठेच गेलं नाही तर काकांना काय वाटेल? हे दोन्ही मला आतून कुरतडत होतं.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात काका. हातात वायरची पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला डबा.

"तुन्ही मावशीनी धाडं," ते म्हणाले. "नवं घर सापडी का नई, माले वाटनं." एकलहऱ्याहून नाशिकरोड, तिथून दुसरी बस, मग पत्ता विचारत पायी. त्यांच्या कपाळावर घाम होता. वाढलेलं परत भांड्यात घालायचं नाही, आणि पोरगी तर इकडे, मग मीच घेऊन येतो म्हटलं, असं ते सांगत होते, त्यात काही विशेष नाही अशा सुरात.

मी आईकडे पाहिलं. तिने डबा हातात घेतला. तो क्षणभर तसाच धरला, किती गरम आहे बघावं तसा. मग तिने मोठं ताट काढलं, पुसलं आणि वाढायला घेतलं. मीठ, ठेचा, भरीत, भाकरी. मावशी ज्या जागी जे वाढायच्या त्याच जागी. तिला ते सगळं पाठ होतं.

मी जेवायला बसले. काका समोरच्या खुर्चीवर. ते बोलत होते. मनमाडला कुणीतरी सांगितलं म्हणे, तसाच एक माणूस हॉटेलात कामाला आहे, उंचीला तेवढाच, आता तो तिशीचा असेल ना, पुढच्या आठवड्यात जाऊन येणार आहे. मी मान हलवत होते आणि त्यांच्या मुलाचं श्राद्ध जेवत होते. एकेक घास तोंडात फिरत होता. ताट टाकता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं. मी ते संपवलं, नेहमीसारखं पुसून.

काका ताटाकडे बघून हसले.

"तो उना की मी सांगसू त्याले," ते म्हणाले. "तुन्हा वाटानं बठ्ठं हाई पोरनी खाई टाकं."

मी हसले. हसावंच लागलं. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने नळ सोडला आणि भांडं भरून वाहायला लागलं तरी बंद केला नाही. मग ती तिथूनच, मागे न वळता म्हणाली, "काका, इतक्या लांबून आलात, दोन घास खाऊन जा. दर शनिवारी इथेच जेवत जा."

काका पिशवी सावरत उठले.

"नको, बाई. शनवारे मी घरच जेवस," ते म्हणाले. "तो उना तं घर कोनी पाहिजे ना."

आणि बस चुकेल म्हणून ते घाईघाईने जिना उतरले. माझा हात अजून खरकटा होता.